टीकाराम बांचा देश

भूतानहून परतल्यापासून मी फार बोलत होते. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये आमच्याकडे जो कोणी चहाला येई, त्याला चहाबरोबर पारोचा विमानतळ, पुनाखाच्या नद्या आणि चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या ऐकून घ्याव्याच लागत. शेवटी मराठी मंडळाच्या ज्येष्ठ गटातल्या एका काकूंनी, बहुधा सगळं एकाच दिवसात आटपावं म्हणून, मला व्याख्यान द्यायला सांगितलं. विषय मीच निवडला. दोन अजस्र शेजाऱ्यांच्या मधलं हे एवढंसं राज्य स्वतंत्र राहिलं कसं? अडतीस स्लाइड्स केल्या. माझं आयुष्य प्रयोगशाळेत जंतू ओळखण्यात गेलं, इतिहासाशी संबंध शाळेपुरता. पण नऊ दिवस एखाद्या देशात फिरून आलेल्या माणसाला जो आत्मविश्वास येतो, तो तिथे जन्म काढलेल्यांनाही येत नसावा.

व्याख्यानाला दोन आठवडे उरले असताना साबित्रीचा फोन आला. साबित्री माझ्या हाताखाली लॅबमध्ये सहा वर्षं होती. जन्म दक्षिण भूतानातला, बोली नेपाळी, बालपण नेपाळमधल्या निर्वासितांच्या छावणीत, आणि आता घर ओहायोतल्या कोलंबसमध्ये.

"आंटी, बा सिटिझनशिपच्या फॉर्मवर साइन करत नाहीयेत," ती म्हणाली. "तुम्ही भूतान पाहून आलात. तुमचं कदाचित ऐकतील."

बा म्हणजे तिचे वडील, टीकाराम, वय वर्षं शहात्तर. पंधरा वर्षं ग्रीन कार्डावर काढली. वय आणि ही वर्षं जमेस धरून त्यांना परीक्षाही नेपाळीत देता येणार होती. अर्ज भरून तयार होता. पासपोर्ट मिळाला की त्यांना जयगावला जायचं होतं. जयगाव हे भूतानच्या वेशीला खेटून असलेलं हिंदुस्थानातलं गाव; आम्ही परतताना तिथूनच बाहेर पडलो होतो. बांचे थोरले भाऊ अजून भूतानातच राहतात. बांना आत जायची आशा नव्हती, पण भाऊ वेस ओलांडून अलीकडे येऊ शकत होते. दोघांनी एकमेकांना पाहून तीस वर्षांच्या वर झाली होती.

"थोरल्या बांचं हार्ट आता पार वीक झालंय," साबित्री काकांबद्दल म्हणाली. "फोनवर एकच विचारतात, कधी येतोस. आणि इकडे बा फॉर्म हातात घेतात, पाहतात, खाली ठेवतात. आधीच दिवस असे, लोकांना परत पाठवतायत, ग्रीन कार्डावर किती भरवसा ठेवायचा?"

मी येते म्हटलं. मला तिची काळजी होती हे खरं. पण खराखुरा भूतानी माणूस भेटेल, व्याख्यानासाठी दोन वाक्यं आणि एक फोटो मिळेल, हेही मनात होतं. लपवत नाही.

शुक्रवार, डोंगरातून

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. नॉर्थ कॅरोलायनाचं सपाट पठार संपून रस्ता व्हर्जिनियाच्या घाटाला लागला तशी झाडं पिवळी, मग तांबडी होत गेली. आमचे विलासराव गाडी चालवत होते आणि मी त्यांच्यावर व्याख्यानाची तालीम करत होते. बिचाऱ्यांना पळायला जागा नव्हती.

मी सांगत होते, की इंग्रजांशी लढाई हरल्यावर भूतानने पायथ्याची सुपीक जमीन दिली, पण डोंगर राखले. मग इंग्रजांशी आणि नंतर दिल्लीशी करार केले, की परराष्ट्राच्या बाबतीत तुमचा सल्ला, घरातला कारभार आमचा. उत्तरेला तिबेट चीनच्या ताब्यात गेलं तेव्हा तिकडची वाट बंद केली. रस्ते दक्षिणेकडे काढले, पण विदेशी पाहुणे मोजूनमापून घेतले. संयुक्त राष्ट्रांत खुर्ची मिळवली. आणि घरात एकच पोशाख, एकच रीत, एकच राजभाषा ठेवली, म्हणजे कुणी उठून म्हणू नये की हे तर आमचेच.

"अगं, पण लोकांना ते हॅपिनेसचं सांग ना," विलासराव म्हणाले. "लोक त्याच्यासाठीच येणार."

"काहून? लोकांना अक्कल नाही का?"

"आहे, पण जेवणानंतर आहे तुझं लेक्चर."

व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया यांची हद्द एका लांब बोगद्याच्या आत आहे. पिवळ्या दिव्यांत गाडी पळत असते, भिंतीवरची पाटी दिसते न दिसते तोच आपण दुसऱ्या राज्यात. कुणी काही विचारत नाही. पलीकडे बाहेर पडल्यावर एका विश्रांतिस्थळी आम्ही दशम्या आणि ठेचा काढला. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन बाईंनी ठेच्याची चौकशी केली, चाखला, आणि मग बराच वेळ तोंडासमोर हात हलवत बसल्या. भूतानात हाच प्रसंग माझ्यावर आला होता, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

कोलंबसला पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. साबित्री दारातच होती. मी गाडीच्या डिकीतून पहिल्यांदा बाहेर काढला तो घो. घो म्हणजे भूतानी पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, कमरेला बांधायचा अंगरखा. थिंफूच्या बाजारात हौसेने घेतला होता. विलासरावांना तो पोटावर बसेना, तेव्हा म्हटलं बांना नेऊ, मायदेशाची वस्तू पाहून म्हातारा माणूस हरखून जाईल.

साबित्रीने तो पाहिला आणि माझा हात धरला. "आंटी, प्लीज, हे गाडीतच राहू दे."

मग स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता तिने हळू आवाजात सांगितलं. एका वर्षी हुकूम निघाला, की सगळ्यांनी हाच पोशाख घालायचा. दक्षिणेतल्या नेपाळी बोलणाऱ्यांनीसुद्धा. बा आपला नेहमीचा दौरा-सुरुवाल, म्हणजे बंदांचा सदरा आणि चोळणा, घालून बाजाराला गेले तर त्यांना अर्ध्या रस्त्यातून परत पाठवलं. पुढे तो उत्तरेकडच्या थंडीतला जाड अंगरखा घालून ते दक्षिणेच्या उकाड्यात बागेतल्या झाडांवर चढत.

माझ्या एकविसाव्या स्लाइडवर घो घातलेल्या शाळकरी मुलांचा सुंदर फोटो होता. खाली मी लिहिलं होतं, 'एक पोशाख, एक देश'.

शनिवार, कोलंबस

टीकाराम बा म्हणजे बुटका, ताठ माणूस. डोक्यावर नेपाळी ढाका टोपी, हात शेतकऱ्याचे. ते मोडक्या हिंदीत बोलत, मी नागपुरी हिंदीत, आणि दोघांचं छान जमलं. त्यांनी मला 'बहिनी' म्हटलं तेव्हा मला वाटलं वहिनी म्हणतायत, आणि मी विलासरावांकडे बोट दाखवून "हे तुमचे भाऊ" असं सांगून टाकलं. साबित्री हसत सुटली. नेपाळीत बहिनी म्हणजे धाकटी बहीण. विलासराव क्षणात मेहुणे झाले.

जेवणात ढिंडो होता, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आमच्याकडच्या उकडपेंडीचा दूरचा चुलत भाऊ. बरोबर गुंद्रुकचा आंबट रस्सा. पालेभाजी आंबवून, वाळवून ठेवायची आणि हिवाळाभर खायची, ही युक्ती मला फार आवडली.

"चिरांगला गेला होता?" बांनी विचारलं. चिरांग हा त्यांचा जिल्हा.

"नाही, आमच्या टूरमध्ये नव्हतं. पण थिंफूला चिरांगची संत्री खाल्ली."

त्यांचा घास हातातच राहिला. "कशी होती?"

हा प्रश्न त्यांनी नेमका कुणाला विचारला होता, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी काटोलची. माझ्या वडिलांची संत्र्याची बाग होती. मी म्हटलं, साल जरा जाड, पण सोलायला ढिली, फोडी रसाळ, आणि आमच्यापेक्षा आंबटपणा एक चिमूट जास्त. बा ताट बाजूला सारून माझ्याकडे वळले. मग दोन तास आम्ही दुसरं काही बोललोच नाही. आम्ही जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर डोळा भरून कलम करतो, ते बी पेरून झाड वाढवतात. आम्ही पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि बहार धरतो, त्यांच्याकडे ते काम डोंगराची थंडी करते. त्यांनी आणि भावाने मिळून लावलेली झाडं किती आणि कुठे, ते त्यांनी टेबलावर बोटाने आखून दाखवलं. विलासराव सोफ्यावर शांतपणे झोपले होते.

दुपारच्या चहाला मी विषय काढला. साबित्रीचा समज असा, की बा अडतात ते शपथेपाशी. नागरिक होताना आधीच्या राजाची, देशाची निष्ठा सोडली असं मोठ्याने म्हणावं लागतं. मी म्हटलं, मी ही शपथ घेतली आहे, तुम्हाला नीट समजावून सांगते. आणि एकेक वाक्य हिंदीत सांगू लागले. शपथेच्या शेवटी असं येतं, की ही जबाबदारी मी मोकळ्या मनाने, कसलाही आडपडदा न ठेवता घेत आहे. मोकळ्या मनाने याला हिंदी शब्द पटकन आठवेना. जो मराठीत आहे, हिंदीत आहे, आणि म्हणून नेपाळीतही असणार, तो मी वापरला.

"राजीखुशी से," मी म्हटलं.

बा उठले. कप टेबलावर ठेवला, टोपी नीट केली आणि मागचं दार उघडून बाहेर गेले. दार त्यांनी आपटलं नाही, हलकेच ओढून घेतलं. साबित्रीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

"त्यांच्या फॉर्मवर तोच शब्द होता, आंटी."

कुठल्या फॉर्मवर, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही. चुकीचा शब्द वापरला असता तर मी त्यांची माफी मागितली असती. इथे शब्द अगदी बरोबर होता, आणि त्याचंच मला वाईट वाटत राहिलं.

रविवार, मळ्यात

सकाळी बांनीच मला हाक मारली. रात्री दव गोठण्याइतकी थंडी पडणार होती आणि त्याआधी मिरच्या काढायच्या होत्या. घरापासून थोड्या अंतरावर एका चर्चने आपली पडीक जागा बांसारख्या निर्वासितांना भाजीपाल्यासाठी दिली आहे. मोहरीचा पाला, भोपळ्याचे कोवळे वेल, बोरासारख्या गोल, लालभडक मिरच्या. आम्ही दोघं खाली बसून मिरच्या तोडू लागलो.

"काल मी उठून गेलो," बा म्हणाले. "तुझा दोष नव्हता, बहिनी."

मग त्यांनी सांगितलं.

शिरगणती झाली तेव्हा घरोघरच्या माणसांची रकान्यांत वाटणी झाली. भावाची बायको शेजारच्या गावची, म्हणून भाऊ खरा भूतानी. बांची बायको कालिंपोंगची, म्हणजे हिंदुस्थानातली, म्हणून बा आणि त्यांची मुलं दुसऱ्या रकान्यात. बाप एक, आई एक, बाग एक. पुढे दक्षिणेत याविरुद्ध मोर्चे निघाले, धरपकड झाली, आणि एके दिवशी बांना कचेरीत बोलावून कागद पुढे ठेवला. कागद राजभाषेत होता, बांना ती वाचता येत नव्हती. सांगणाऱ्याने सांगितलं, यात लिहिलंय की तुम्ही राजीखुशीने देश सोडून जात आहात. सही झाली. मग फोटो काढला, आणि फोटोत हसायला सांगितलं.

"हसलात?"

"हसलो. साबित्री कडेवर होती."

मला राग आला होता. तो बांच्या राजाचा होता की माझ्या अडतीस स्लाइड्सचा, हे मला सांगता आलं नसतं. शेवटी मी म्हटलं, "आणि मी जगाला सांगत फिरते की केवढा शहाणा देश, कसा स्वतंत्र राहिला."

बांनी मान वर केली. "ते खोटं नाही. शेजारी सिक्कीम होतं. तिथेही राजा होता. तिथे आमच्यासारखे नेपाळी बोलणारे जास्त झाले, आणि आमच्या डोळ्यांदेखत सिक्कीम हिंदुस्थानात गेलं. वर तिबेट गेलं होतं. आमच्या राजाला झोप कशी लागणार? त्याने घर वाचवायला दार लावलं. मला अजून वाटतं, बरं झालं घर वाचलं. माझा भाऊ त्यात आहे." मग हातातल्या मिरचीचा देठ खुडत म्हणाले, "फक्त दार लावलं तेव्हा मी उंबऱ्यावर उभा होतो. राजाची भीती खरी होती, बहिनी. पण ती भीती म्हणजे मी नव्हतो."

त्यांनी मला विचारलं, तू शपथ घेतलीस तेव्हा तुला काय वाटलं? मी खरं ते सांगितलं. मोठ्या सभागृहात शेकडो माणसांबरोबर ओठ हलवले, बाहेर येऊन फोटो काढले आणि घरी मित्रमंडळींना जेवायला बोलावलं. त्या संध्याकाळी काटोलहून वडिलांचा फोन आला. म्हणाले, म्हणजे आता तू आपली नाहीस का? मी म्हटलं, बाबा, ते कागदापुरतं असतं. मनात कसलाही आडपडदा नाही असं सकाळी शपथेवर सांगितलं होतं, आणि सूर्य मावळायच्या आत वडिलांना हे उत्तर दिलं. हे मी आजवर विलासरावांनाही बोलले नव्हते.

बांनी हातातल्या मिरच्या टोपलीत टाकल्या. मग म्हणाले, "मला कागदापुरतं जमत नाही. माझं सगळं कागदानेच गेलं."

"मग शपथ नको म्हणून सही करत नाही का?"

"शपथ घेईन ना. शपथेचं काय." ते चक्क चिडले. "त्या अर्जात काय लिहिलंय ते वाचलंस का तू?"

मी वाचलं नव्हतं. चारशे-साडेचारशे मैल गाडीतून येऊन मी माणसाला अर्ज समजावत होते, आणि अर्ज उघडलाही नव्हता. घरी येऊन मिरच्यांच्या हातांनीच तो घेतला. पहिल्याच काही पानांत, सध्या कुठल्या देशाचे नागरिक आहात या रकान्यापुढे, अर्ज भरायला मदत करणाऱ्या ओळखीच्या मुलीने इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता. स्टेटलेस. बा छावणीत इंग्रजी अक्षरं शिकले होते. ती जुळवून त्यांनी हा शब्द वाचला होता, आणि अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"सोडायला आधी काहीतरी असावं लागतं," बा खुर्चीवर बसत म्हणाले. "इथे लिहिलंय माझा देशच नव्हता. मग साहेबासमोर हात वर करून मी सोडू काय? आधी माझा होता असं लिहा. मग सोडतो."

साबित्री रडायला लागली. "बा, हे आधी सांगायचं ना! मला वाटलं..."

"तू विचारलंस का? तू फॉर्म, फॉर्म करत होतीस."

मी अर्जाबरोबरच्या सूचना काढल्या. प्रयोगशाळेतली चाळीस वर्षं एवढ्याच कामाची, की सूचना पहिल्या ओळीपासून वाचायची सवय लागते. विलासराव चष्मा शोधेपर्यंत मला ते सापडलं. तुम्हाला आज कुठलंच नागरिकत्व नसेल, तर ज्या देशाचे तुम्ही शेवटी नागरिक होता त्या देशाचं नाव लिहा. इतकं साधं. त्या मुलीने चांगल्या मनाने आणि घाईघाईने भरलं होतं, आणि आम्ही सगळे इतके दिवस म्हाताऱ्याला हट्टी म्हणत होतो.

साबित्रीने ते पान नव्याने छापलं. बांनी पेन माझ्याकडे दिलं, म्हणाले, तू लिही, तू जाऊन आली आहेस. मी हात साबणाने धुऊन आले आणि त्या रकान्यात मोठ्या इंग्रजी अक्षरांत भूतानचं नाव लिहिलं. बांनी पान जवळ ओढलं. बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, सहाही. शेवटच्या अक्षराशी थोडं थांबले. मग अर्जाची पानं उलटून सहीची जागा शोधली आणि सावकाश, नेपाळीत, पूर्ण नाव लिहिलं.

आम्हाला निघायचं होतं. साबित्रीने गोल मिरच्यांच्या लोणच्याची बरणी आणि सेलरोट्या, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली गोड कडी, बांधून दिल्या. मी बांच्या पाया पडले. ते संकोचून मागे सरले, मग गाडीपर्यंत आले. विलासराव पट्टा लावत असताना त्यांनी माझ्या बाजूच्या खिडकीवर टकटक केलं. मी काच खाली घेतली.

"बहिनी, तू परतताना जयगावच्या वेशीतून बाहेर पडलीस ना?"

"हो. मोठं रंगीत गेट आहे."

"त्या गेटच्या अलीकडे, हिंदुस्थानच्या बाजूला, कुठे बसायला जागा आहे का? दादाला आता फार वेळ उभं राहवत नाही."

मी आठवून पाहिलं. त्या गेटसमोर आम्ही तासभर होतो. कमानीवरचा ड्रॅगन, अलीकडचे गाड्यांचे भोंगे आणि पलीकडची शांतता, सगळं मी वहीत टिपून आणलं होतं, फोटोही पुष्कळ काढले होते. पण तिथे कुणाला बसायला जागा आहे की नाही, हे मी पाहिलं नव्हतं.